वरच्या डाव्या दाताच्या मूळ कालव्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (आस्थापना) यांस,
शासकीय समारंभ वाद्यवृंद संचालनालय,
पुणे.

(मार्फत : बँडमास्तर, पथक क्रमांक दोन, खडकी)

अर्जदार : अय्युब शमशुद्दीन तांबोळी, क्लॅरिनेटवादक, पथक क्रमांक दोन, खडकी.

विषय : वरच्या पुढच्या डाव्या दाताच्या अर्धवट राहिलेल्या मूळ कालवा प्रक्रियेस विनाविलंब परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज (भाषेच्या कारणास्तव परत).
२) माझा शुद्ध मराठीतील अर्ज.
३) कालवा दुरुस्ती उपविभाग क्रमांक नऊ यांचा पाहणी अहवाल.
४) मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस.
५) गणवेश शाखेचे नकारपत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या संचालनालयाच्या पथक क्रमांक दोनमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. माझे वडील मरहूम शमशुद्दीन तांबोळी हेही याच पथकात, याच रांगेत क्लॅरिनेट वाजवीत असत. ज्यांनी हे वाद्य लांबूनच पाहिले आहे त्यांच्या माहितीसाठी नमूद करतो की, क्लॅरिनेटचे तोंड खालच्या ओठावर टेकते आणि वरचे पुढचे दोन दात त्यावर घट्ट बसतात. वाजवणाऱ्याला सूर आधी दातात कळतो, मग कानात येतो. हे कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेले नाही, पण खरे आहे. या दोन दातांपैकी माझा डावा दात आजारी आहे. तो गेला तर मी क्लॅरिनेटवादक राहत नाही आणि नियमानुसार माझी रवानगी वाद्यभांडारात होते. तिथे वाद्ये पुसायची असतात, वाजवायची नसतात. माझे एवढेच म्हणणे आहे की मला वाजवू द्यावे.

२. दात आजारी पडण्याचे कारण सरकारी आहे. संचलनाच्या सरावात 'मागे फिर' हा हुकूम माझ्या शेजारच्या ट्रॉम्बोनवादकांना 'थांब' असा ऐकू आला, की मला तो उलट ऐकू आला, याचा निकाल अजून लागलेला नाही. परंतु त्यांच्या ट्रॉम्बोनची पुढे सरकणारी नळी माझ्या दातावर आदळली, याबद्दल पथकात दुमत नाही. त्या वेळी फक्त झिणझिण्या आल्या आणि आम्ही दोघेही हसलो. पुढे दात हळूहळू काळपट पडू लागला. नंतर एके सकाळी माझा गाल इतका सुजला की घरचे पाणी भरायला येणारे गृहस्थ मला ओळखेनात. ही सूज घेऊन मी कर्मचारी दंतचिकित्सालयात गेलो.

३. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या सेवा नियमांनुसार फुंकवाद्य वाजवणाऱ्या कर्मचाऱ्याने ओठ, दात अथवा जीभ यांत पूर्वपरवानगीशिवाय कोणताही फेरफार करावयाचा नाही. नियम योग्यच आहे. माझ्या गालाची अवस्था पाहून चिकित्सालयाच्या डॉक्टर मंदाकिनी यांनी पहिल्या बैठकीपुरते तातडीचे काम म्हणून उपचार केले आणि पुढच्या बैठकीसाठी परवानगीचा कागद आणण्यास सांगितले. तेव्हा फेब्रुवारी महिना चालू होता. खासगी दवाखान्यात जाऊन काम उरकून टाका, असा सल्ला मला नातेवाइकांनी दिला, नाही असे नाही. परंतु आमचे एक सॅक्सोफोनवादक सहकारी असेच न विचारता दातात चांदी भरून आले आणि आज ते भांडारात आहेत. स्वतःचा सॅक्सोफोन ते रोज स्वतःच पुसतात. हे डोळ्यांसमोर असताना मला धीर झाला नाही.

४. या उपचाराचे नाव दंतवैद्यकात 'रूट कॅनॉल' असे आहे. आपणांवर ती वेळ न येवो, परंतु आलीच तर काय होते हे अनुभव घेतलेल्या माणसाकडून कळलेले बरे, म्हणून थोडक्यात मांडतो. प्रथम दाताचा एक्स-रे काढतात. त्यात आपला दात अगदी लहान आणि गरीब दिसतो. मग हिरडीत इंजेक्शन देतात. ते टोचते, पण तेवढेच. थोड्या वेळाने वरचा ओठ आपला राहत नाही, कोणीतरी आपल्याकडे सांभाळायला ठेवला आहे असे वाटते. त्यानंतर दाताला मागच्या बाजूने बारीक भोक पाडतात. घरघर पुष्कळ होते, दुखत नाही. दाताच्या मुळात एक बारीक पोकळी असते आणि तीत दाताचा जीव असतो. माझ्या दाताचा जीव गेलेला होता आणि तो तिथेच सडत होता, असे डॉक्टरांनी सांगितले. ती पोकळी साफ करण्यासाठी सुईसारख्या, पण खरबरीत बारीक सळ्या आत घालून फिरवतात. त्यांना रंगीत मुठी असतात आणि जाडीनुसार क्रमांक असतात. त्यांना डॉक्टर लोक 'फाईल' म्हणतात. या शब्दाने पुढे काय केले ते परिच्छेद आठमध्ये येईल.

मी भीतीने खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की डॉक्टर म्हणाल्या, "अहो तांबोळी, खुर्ची सरकारी आहे, उपटू नका. दुखायचं ते तुमचं दुखून झालंय. मी फक्त ते बाहेर काढतेय." हे शब्दशः खरे निघाले. त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनी गाढ झोपलो. पुढे दोन-तीन दिवस दात थोडा ठणकतो, त्यास घाबरू नये. पोकळी साफ झाल्यावर तीत औषध ठेवून वर तात्पुरते सिमेंट लावतात. त्याला लवंगेच्या तेलाचा वास येतो. दुसऱ्या बैठकीत पोकळी रबरासारख्या काडीने कायमची बुजवतात आणि शेवटी दातावर कॅप बसवतात, कारण जीव गेलेला दात ठिसूळ होतो. "फार थांबू नका हं," असे डॉक्टरांनी निघताना दोनदा सांगितले. मी थांबलो नाही, महोदय. मला थांबवण्यात आले.

५. मी लगोलग 'रूट कॅनॉल ट्रीटमेंटची दुसरी सिटिंग घेण्यास परवानगी मिळावी' असा अर्ज केला. तो लाल शाईचा शेरा घेऊन परत आला : 'राजभाषेचा अवमान. परकीय शब्द वगळून सादर करावा.' आपल्या कार्यालयाचे मुख्य लिपिक श्री. दीनानाथ खांबेटे यांना मी जाऊन भेटलो. श्री. खांबेटे हे सज्जन गृहस्थ आहेत आणि त्यांच्या टेबलावर शब्दकोश सदैव उघडा असतो. मी त्यांना म्हणालो, साहेब, या उपचाराला मराठी शब्द मला ठाऊक नाही. ते म्हणाले, "मराठीत शब्द नाही असं होत नसतं, तांबोळी. तुम्हाला ठाऊक नसतो." मग त्यांनी कोश काढला. रूट म्हणजे मूळ. कॅनॉल म्हणजे कालवा. ट्रीटमेंट म्हणजे प्रक्रिया. अशा रीतीने 'मूळ कालवा प्रक्रिया' हा शब्द तयार झाला आणि श्री. खांबेटे यांनी तो स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिला. मलाही तो चांगला वाटला. खोटे कशाला बोलू, त्यात एक वजन होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचेही त्यांनी तिथल्या तिथे भाषांतर करून दिले आणि मी सर्व कागद त्याच शब्दांत नव्याने लिहून दिले.

६. पुण्यात कॅनॉल म्हटले की ज्याच्या कडेने लोक सकाळी फिरायला जातात तो, एवढे लहान मुलालाही कळते. परंतु कालवा म्हटल्यावर तो दातात असेल असे कोणालाही कळणार नाही, यात मी आलेल्या कागदांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या बारनिशी शाखेला दोष देत नाही. त्यांनी माझ्या अर्जाचा विषय वाचला, 'मूळ कालवा, खडकी, काम अर्धवट, दुरुस्ती तातडीची' असे टिपण केले आणि अर्ज अभिप्रायासाठी कालवा दुरुस्ती उपविभाग क्रमांक नऊकडे रवाना केला. मला याची सुतराम कल्पना नव्हती. मी आपल्या उत्तराची वाट पाहत तिन्ही त्रिकाळ मिठाच्या पाण्याने गुळण्या करीत होतो. दरम्यान रमजान आला आणि गेला. रोजा असताना गुळणीचे पाणी घशात उतरू नये म्हणून मी मान इतकी खाली घालीत असे की माझी पत्नी मेहरुन म्हणाली, "मान खाली घालायची तर सवयच झालीय तुम्हाला."

७. जूनच्या अखेरीस एका रविवारी दुपारी उपविभागाचे कालवा निरीक्षक श्री. हिंदुराव घुले हे मांजरी गावाहून सायकल मारीत आमच्या घरी आले. सोबत मोजपट्टी, खुंट्या आणि छापील तक्ता होता. दारातच त्यांनी विचारले, "तांबोळी तुमीच का? मूळ कालवा कुटं हाय ह्यो? सगळी खडकी पालथी घातली, कुनालाच ठावं न्हाय." मी त्यांना आत बसवले, मेहरुनने चहा ठेवला आणि मी तोंड उघडून दाखवले. श्री. घुले यांनी तोंडात पाहिले, हातातल्या तक्त्यात पाहिले. मग म्हणाले, "आवं, पन म्या आता ल्हिवू काय? जाग्यावर जाऊन आलो न्हाय असं तर ल्हिता येत न्हाय." त्यांचीही अडचण खरी होती. पाहणी केल्याशिवाय त्यांचा तो दिवस हजेरीत धरला जात नाही. शेवटी त्यांनी बॅटरी मागितली, मी खिडकीपाशी मान वर करून बसलो आणि त्यांनी रीतसर पाहणी केली. शेजारची मंडळी दारात जमली होती. एकाने तर, पाणी कधी सोडणार, असेही विचारले. मला फार लाज वाटली, हे लपवीत नाही.

श्री. घुले यांनी तक्त्यात जे लिहिले ते संदर्भ तीनवर आहे. कालवा अरुंद. पाणी नाही. गाळ यापूर्वीच काढलेला. तोंड तात्पुरत्या सिमेंटने बंद केलेले आढळले. लाभक्षेत्र : एक कुटुंब. गळती : थंड पेय घेतल्यास. शिफारस : सदर कालवा दुरुस्त करण्याजोगा नसून तो योग्य साहित्याने कायमचा बुजवावा. महोदय, मी हात जोडून सांगतो की ही शिफारस वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे. डॉक्टरांना नेमके हेच करायचे होते. मी तो अहवाल घेऊन आनंदाने श्री. खांबेटे यांच्याकडे धावलो. त्यांनी चष्मा पुसला, अहवाल वाचला, माझ्या अर्जावरचे बारनिशीचे टिपण वाचले आणि म्हणाले, "तुम्ही मागताय दुरुस्ती. हे म्हणतायत बुजवा. म्हणजे विसंगती. विसंगती असलेला कागद मी साहेबांपुढे कोणत्या तोंडाने ठेवू?" तोंडाबद्दल मी काय बोलणार? मी उठून आलो.

८. आता फाईलबाबत. डॉक्टर मंदाकिनी यांनी आपल्या चिठ्ठीत 'फाईल नंबर चाळीसपर्यंत साफ केले' असे लिहिले होते. म्हणजे चाळीस क्रमांकाच्या जाडीची सळई आत फिरेपर्यंत पोकळी स्वच्छ केली. त्या सळईला मराठीत कानस म्हणता आले असते, हे मला फार उशिरा सुचले. श्री. खांबेटे यांनी कोशाबरहुकूम फाईलचे 'नस्ती' केले आणि चिठ्ठी अशी झाली : 'मूळ कालव्यात नस्ती क्रमांक चाळीसपर्यंत साफ करण्यात आली.' दुर्दैवाने आपल्या संचालनालयाची नस्ती क्रमांक चाळीस ही पथकाच्या हरवलेल्या झांजांच्या चौकशीची आहे आणि ती नस्तीही सापडत नाही, हे मला तेव्हा कोठून माहीत असणार? सप्टेंबरात मला कारणे दाखवा नोटीस आली. चौकशीची नस्ती कालव्यात टाकून कोणाच्या सांगण्यावरून साफ केली आणि त्या प्रसंगी आणखी कोण हजर होते, याचा खुलासा मागवला आहे. मी खुलाशात लिहिले की प्रसंगी डॉक्टर आणि मी असे दोघेच होतो आणि माझे तोंड उघडे असल्यामुळे मला काही बोलता आले नाही. हा खुलासा उद्धट असल्याचे मला तोंडी कळवण्यात आले. माझा तसा हेतू नव्हता. महोदय, मी झांजा घेतलेल्या नाहीत. आमच्या घरी झांजा वाजवणारे कोणी नाही.

९. उपचाराच्या शेवटी कॅप बसवावी लागते, हे वर आलेच आहे. शुद्ध मराठीत 'कॅप'ची 'टोपी' झाली होती, त्यामुळे अर्जाची एक प्रत गणवेश शाखेस गेली. त्या शाखेने कळवले की मला बँडची टोपी तुऱ्यासह देण्यात आलेली असून ती जीर्ण झाल्याचा दाखला सादर केल्याशिवाय दुसरी देता येणार नाही. या पत्रास मी उत्तर दिलेले नाही. माझ्यात तेवढी ताकद उरली नव्हती. मध्यंतरी डॉक्टर मंदाकिनी यांची बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी मला सांगितले की परवानगी येत नसेल तर दात काढून शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज बसवता येईल. महोदय, हा शब्द मी यापुढे कोणत्याही अर्जात लिहिणार नाही. त्याचा पूल होईल आणि मोजमाप घ्यायला पुन्हा कोणीतरी सायकल मारीत येईल.

१०. आजची वस्तुस्थिती अशी की, तात्पुरते सिमेंट आजवर अनेकदा निघाले आणि चिकित्सालयाने दर वेळी ते माणुसकीने पुन्हा लावून दिले. परंतु त्या दातावर क्लॅरिनेट टेकवून फुंकण्यास डॉक्टरांची मनाई आहे. आमचे बँडमास्तर श्री. जयसिंग यांनी मला सांभाळून घेतले. त्यांनी मला मागच्या रांगेत उभे केले आणि हळूच म्हणाले, "अय्युबमियाँ, फुंकू नका. नुसती बोटं चालवा. एवढ्या गलक्यात कोण ऐकतंय?" पंधरा ऑगस्टला मी नुसती बोटे चालवली. बोटे एकदाही चुकली नाहीत. सगळे सूर माझ्या बोटांखालून गेले आणि एकही माझा नव्हता. समारंभ संपल्यावर पाहुण्यांनी पथकाचे कौतुक केले आणि रीतीप्रमाणे सर्वांशी हस्तांदोलन केले, तेव्हा मला तिथून पळून जावेसे वाटले. घरी येऊन मी मेहरुनला हे सांगितले. ती हसेल असे वाटले होते. ती हसली नाही. रात्री जेवायला वाढताना एवढेच म्हणाली, "तुमच्या अम्मींनी अय्युब नाव ठेवलं तेव्हाच ओळखलं असणार, ह्या पोराला सरकारी नोकरीच लागायची." आमच्यात अय्युब नबींची सबुरी मोठी मानतात. माझी तेवढी नाही. मी आपल्या दालनाबाहेर दातांच्या कण्या करून थकलो आहे आणि ज्यांच्या कण्या करायच्या त्यांतला एक मुळातच डळमळीत आहे.

११. तरी आपणांस कळकळीची प्रार्थना की,
अ) सदर कालवा हा दात आहे असे कृपया एकदा लेखी मान्य करावे;
आ) दुरुस्ती आणि बुजवणे या प्रकरणी एकच आहेत असा अभिप्राय द्यावा;
इ) झांजांचे प्रकरण माझ्या तोंडापासून वेगळे करावे, आणि
ई) दुसऱ्या बैठकीस तातडीने परवानगी द्यावी. डॉक्टर म्हणतात की आता दिवस मोजण्यात अर्थ नाही, जितक्या लवकर तितके बरे.

१२. वरील मजकूर मी काल सायंकाळी लिहून पूर्ण केला होता आणि आज सकाळी सही करून आणून देणार होतो. आज सकाळी चहात बुडवलेली खारी खाताना दात तुटला. खारी कडक नव्हती. चहात बुडून ती इतकी मऊ झाली होती की अर्धी कपातच राहिली होती. आवाजही झाला नाही. मला वाटले सिमेंट निघाले. बशीत पाहिले तर दात होता.

मी तसाच चिकित्सालयात गेलो. तरुण डॉक्टरांनी आरसा घालून पाहिले आणि सांगितले की दात हिरडीच्या आत मुळापर्यंत चिरला आहे, उरलेला तुकडाही काढावा लागेल आणि आता साफ करायला, बुजवायला किंवा कॅप बसवायला तिथे काही राहिलेले नाही. ते चांगले मनुष्य आहेत. वेळेवर आला असता तर हा दात तुम्हाला पुरला असता, असे म्हणता म्हणता ते मध्येच थांबले. मी त्यांना म्हणालो, तुमची काही चूक नाही, साहेब. माझी जीभ सारखी त्या जागेकडे जाते. तिथे काहीच नसते, तरी जाते.

वरील विषय आणि परिच्छेद एक ते अकरा मी तसेच ठेवले आहेत, कारण खाडाखोड असलेला अर्ज आपल्या कार्यालयात स्वीकारला जात नाही. कृपया ते वाचू नयेत.

१३. चिकित्सालयातून मी पायीच आपल्या कार्यालयात आलो. श्री. खांबेटे मला पाहताच खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत ते माझ्यासाठी प्रथमच उठले. म्हणाले, "तांबोळी, पेढे काढा! विसंगती सुटली. मी स्वतः टिपणी लिहिलीय, 'बुजवणे हाच दुरुस्तीचा अंतिम टप्पा समजावा.' साहेबांच्या सहीला गेलीय. सोमवारी परवानगी हातात." मी तोंडावर रुमाल धरला होता. आनंदाने मला रडू आले असे त्यांना वाटले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला खरोखरच रडू आले होते, म्हणून मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. परवानगीचा मसुदा त्यांनी मला वाचून दाखवला. त्यातील शेवटचे कलम असे आहे की, परवानगीच्या दिनांकापासून अर्जदार 'उपचाराधीन' राहणार नाही आणि त्याने उपचार पूर्ण झाल्याच्या दाखल्यासह वाद्यपात्रता चाचणीस हजर व्हावे. तसे न झाल्यास त्याची नेमणूक वाद्यभांडारात समजावी.

महोदय, म्हणजे आपण सही केलीत की सोमवारपासून मी भांडारात.

१४. सबब आता माझी विनंती अशी आहे. आजवर मी हे प्रकरण पुढे सरकवा म्हणून टेबलाटेबलाशी हात जोडले, त्याबद्दल क्षमा असावी. कृपया आपण सही करू नये. टिपणीवर एखादी शंका काढावी. कालव्याची लांबी तक्त्यात नमूद नाही, ती विचारावी. श्री. घुले यांना पुन्हा पाठवावे, मी त्यांना चहा देईन आणि तोंड उघडीन, त्यांनी काय पाहिले ते त्यांनी खुशाल लिहावे. झांजांची चौकशी चालू ठेवावी आणि तीत माझे नाव राहू द्यावे. गणवेश शाखेस मी आजच सविस्तर उत्तर पाठवतो. प्रकरण जोवर विचाराधीन आहे तोवर कागदावर माझ्या तोंडात दात आहे आणि कागदावर दात आहे तोवर मी क्लॅरिनेटच्या रांगेत उभा आहे. मी फुंकणार नाही, कोणाचा सूर बिघडवणार नाही. मागे उभा राहून नुसती बोटे चालवीन. माझी बोटे चांगली आहेत, महोदय, हवे तर बँडमास्तरांना विचारावे. माझ्या निवृत्तीस अद्याप बराच अवकाश आहे, परंतु आपल्या कार्यालयाने मनावर घेतले तर तो सहज निघून जाईल, असा मला अनुभवाने विश्वास वाटतो.

कळावे, आणि शक्य तितक्या उशिरा कळावे.

आपल्या निर्णयाची वाट न पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
अय्युब शमशुद्दीन तांबोळी
क्लॅरिनेटवादक, पथक क्रमांक दोन, खडकी

पुणे, दिनांक ११ नोव्हेंबर १९८८

सोबत :
१) संदर्भ एक ते पाच यांच्या प्रती.
२) दाताचा एक्स-रे, फेब्रुवारीमधील. (यात दात आहे. पुरावा म्हणून हाच ग्राह्य धरावा.)
३) दात : जोडलेला नाही. मूळ प्रत अर्जदाराकडे आहे. ती मागू नये, ही विनंती.